सरवरीचा हात

चिखलीच्या बाजारात बांगड्यांची दुकानं बरीच आहेत, पण हात मागणारं दुकान एकच होतं. बाकीच्या ठिकाणी बाई पाटावर बसली रे बसली की मनियार तिचा हात ओढतो, बोटं दाबतो आणि ती 'आई गं' म्हणेपर्यंत अर्ध्या बांगड्या चढलेल्या असतात. रहेमतुल्लाचाचांच्या दुकानात तसं चालायचं नाही. रंग पसंत झाला, माप ठरलं, तरी त्यांची बायको, आमची सरवरीचाची, बांगडी उचलायची नाही. आधी स्वतःचा तळवा उताणा करून पुढं धरायची आणि म्हणायची, "हात दे वं माय." बाईनं आपणहून हात त्या तळव्यावर ठेवला की मग, "अंगठा आत घे, हात सैल सोड." पुढं बोलता बोलता मनगट कधी भरलं ते कळायचंही नाही.

ही रीत चाचांच्या वडलांची. ते जत्रेजत्रेत पथारी टाकून बसायचे. परक्या बायकांचे हात हातात घ्यायचा धंदा, म्हणून त्यांनी पोराला आधी हात मागायला शिकवलं, बांगडी धरायला नंतर. चाचांनी ते बायकोला शिकवलं आणि ती त्यांच्याहून तयार निघाली. त्याला जोडून दुसरीही एक रीत होती. दिलेला हात रिकामा परत जाऊ द्यायचा नाही. एखादी पोरगी हौसेनं हात पुढं करून बसली आणि तिच्या आईनं ऐन वेळी 'आज नको' म्हटलं, तरी चाची उरल्यासुरल्यातली एखादी बांगडी त्या हातात चढवायचीच.

मी रेणुका. त्यांच्या बाजूच्याच गाळ्यात माझं साडीला फॉल-पिको करून द्यायचं दुकान आहे. माझं मशीन आणि माझी जीभ एकाच वेगानं चालतात असं माझा नवरा म्हणतो. चालतात तर चालतात. मधल्या भिंतीला वरच्या बाजूनं फट आहे, त्यामुळं या दोघांचा अर्धा संसार मी कानानं बघितलेला आहे.

मनियाराची बायको स्वतःच्या हातानं स्वतःला बांगड्या भरत नाही. चाचीच्या बांगड्या चाचाच भरायचे, आणि तेही आधी हात मागून. मोरपंखी रंगाचा एक डबा त्यांनी तिच्यासाठी वेगळा ठेवलेला होता, तो गिऱ्हाइकाला दाखवायचेसुद्धा नाहीत. सणासुदीला तो डबा उघडून चाचा म्हणायचे, "सरवरी, हात देतेस?" की चाची हात पाठीमागं लपवायची. "नाही देत आज. विचार करतो." मग चाचा डबा मांडीवर घेऊन बसून राहायचे. दुकानात बायका खोळंबल्या तरी बसून राहायचे. चाची इकडचं तिकडचं आवरायची, माझ्याशी गप्पा मारायची आणि मग हसत हसत येऊन हात ठेवायची. म्हातारपणीही हा लाडिकपणा गेला नव्हता. मी फटीतून ओरडायची, "द्या हो चाची, आम्हाला दुकानं चालवायचीत!"

त्या रीतीनं माझं आयुष्य वाचवलं, हे सांगायला मला कधीच संकोच वाटला नाही. माझं लग्न आधी आत्यानं, मनकर्णाबाईनं, जमवलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. चुडा भरायच्या दिवशी घर बायकांनी भरलेलं, मधोमध मी मूठ आवळून बसलेली. आत्यानं माझं मनगट धरून चाचीपुढं केलं.

"लाजते थे. भर तू," आत्या म्हणाली.

चाचीनं हिरव्या बांगड्या टोपलीत परत ठेवल्या. "हा हात तुमी देऊन राह्यल्या, मनकर्णाबाई. पोरीनं कुठं दिला?"

"तिले काय समजते?"

"हात तर तिचाच आहे ना. ती देईन तवा भरतो. मले घाई नाही."

आत्यानं आवाज चढवला, तो ऐकून माझे वडील आत आले. सगळा प्रकार बघून त्यांनी मला जन्मात पहिल्यांदा विचारलं, "तुह्या मनात काय आहे?" मी सांगितलं. ते लग्न झालं नाही. पुढं माझ्या मर्जीनं मी ज्याच्यासाठी हात पुढं केला तो माणूस आजही घरी आहे आणि स्वतःचा चहा स्वतः करतो. आत्या मरेपर्यंत चाचीशी बोलली नाही.

कोरोनानंतर दुकानं पुन्हा उघडली तेव्हा चाचीचं काहीतरी बिनसलंय हे मला आधी आवाजावरून कळलं. भिंतीपलीकडून काच तडकल्याचा आवाज येऊ लागला. आमच्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. चाचीच्या हातून पूर्वी वर्षाकाठी एखादी वाढायची, आता दिवसाआड वाढू लागली. जिच्या बोटांना नुसत्या स्पर्शानं माप कळायचं ती रुंद पंजाच्या बाईला बारक्या पोरीच्या बांगड्या घालायला बघायची. चाचा शेजारी बसून गुपचूप डबा बदलायचे. मग ती भरलेल्या हातालाच पुन्हा म्हणायला लागली, "हात दे वं माय." मग एके दिवशी तिनं चाचांकडं बघून विचारलं, "तुमी कोन हो?"

चाचा म्हणाले, "मनियार आहे. हात देतेस?"

तिनं लगेच हात दिला, अंगठा आत घेऊन. नवरा विसरली, पण हात द्यायचं विसरली नव्हती. त्या दिवशी चाचा दुकान अर्ध्यावर बंद करून माझ्या गाळ्यात येऊन बसले. मी मशीन थांबवलं.

बाजारात ज्याला त्याला या आजाराबद्दल ठाऊक होतं. कुणी म्हणे भुलली, कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे वयच झालं, त्यात काय एवढं. समोरचे कापडवाले भगवंतराव तर सर्वज्ञच. ते म्हणाले, रोज सकाळी भिजवलेले बदाम द्या. चाचांनी बदामही दिले. डॉक्टरनं आजाराला स्मृतिभ्रंश असं नाव सांगितलं आणि हा बरा होत नाही हेही सांगितलं.

त्यांची मुलगी गुलनाज साखरखेर्ड्याला उर्दू शाळेत शिक्षिका आहे. तीच एक बातमी घेऊन आली. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या या आजाराचा अभ्यास करत होते. वर्षातून एकदा ते येणार, काही प्रश्न विचारणार, रक्त घेणार, एकदा शहरात नेऊन डोक्याचा फोटो काढणार. गुलनाजला आईला त्यात घालायचंच होतं. बाप-लेक घरात उर्दूत बोलायचे, पण माझ्यासमोर मराठीत भांडायचे, म्हणजे मी निवाडा द्यावा.

"नानी अशीच गेली, अब्बा. आता अम्मी. मी कालच वर्गात माह्या आवडत्या पोरीचं नाव विसरली. दहा वेळा तिच्या तोंडाकडं पाह्यलं, नाव येईना. मले रात्री झोप लागत नाही. हे लोक शोधून राह्यले तर शोधू द्या ना!"

तिच्या तोंडावरची भीती बघून मी हातातली साडी खाली ठेवली. चाचा मात्र पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत बसले.

बातमी बाजारात पसरायला किती वेळ लागतो? भगवंतराव रस्ता ओलांडून आले. "रहेमतभाई, म्हातारीवर प्रयोग करून राह्यले थे लोक. रक्त नेतात अन् विकतात. तुमी कायले फसता?" मशिदीतल्या एका बुजुर्गांनी सांगितलं, इलम, ज्ञान मिळवणं चांगलंच आहे, पण जिला समजत नाही तिला टोचू नये. एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, फुकट औषध मिळत असेल तर आमच्या सासूचंही नाव घाला. दुसरी म्हणाली, सुनांनी सासवांना असं परस्पर कुठंही लिहून द्यायचं म्हटलं तर अवघडच आहे. ज्याच्या त्याच्या घरात जे चाललेलं तेच ज्याच्या त्याच्या तोंडून येत होतं. मी भगवंतरावांना म्हटलं, तुमचं रक्त कुणी घेणार नाही, त्यात बदामच निघतील. ते रागावून गेले.

मग त्या अभ्यासाच्या डॉक्टर संजीवनी स्वतः दुकानात आल्या. मूळच्या आमच्याच जिल्ह्यातल्या वडनेर भोलजीच्या, त्यामुळं शुद्ध बोलता बोलता मधूनच 'का'च्या जागी 'काऊन' निसटायचं. बाई सरळ होत्या. पहिल्यांदाच म्हणाल्या, "यातून चाची बऱ्या होणार नाहीत. त्यांना काहीच फायदा नाही. झालाच तर पुढच्या लोकांना होईल, तोही कधी ते मला सांगता येत नाही." चाची पाटावर बसून रिकाम्या टोपलीत हात फिरवत होती. डॉक्टरीणबाईंनी आधी तिला तिच्याच भाषेत समजावून बघितलं. चाची हसली आणि म्हणाली, "लग्न कोनाचं आहे?"

तेव्हा त्या चाचांकडं वळल्या. "त्यांच्या वतीनं तुम्हाला सांगावं लागेल. पण तुम्हाला काय वाटतं ते मला नको. त्या बऱ्या असत्या, सगळं समजत असतं, तर हो म्हणाल्या असत्या की नाही, ते सांगा."

चाचांनी चाचीच्या रिकाम्या टोपलीकडं बघितलं. मग म्हणाले, "मॅडम, अशी काही गोष्ट असली की मी तिलेच विचारत होतो."

गुलनाज मध्ये पडली. "अम्मीनं कधी कोनाले नाही म्हटलं, अब्बा? कोनी काही मागतलं अन् दिलं नाही, असं झालं काय?"

"झालं," चाचा म्हणाले. "रेणुकाले विचार."

मग मी डॉक्टरीणबाईंना माझ्या चुड्याची गोष्ट सांगितली. त्यांनी मन लावून ऐकली. म्हणाल्या, "आमचाही नियम थोडाफार असाच आहे. सही घरच्यांची असली तरी पेशंटनं नको असं दाखवलं, हात मागं घेतला, तर आम्ही थांबतो." आम्हाला सगळ्यांनाच हायसं वाटलं. ठरलं असं, की चाचा सही करतील आणि चाचीला घेऊन जातील. तिनं हात दिला तर रक्त घ्यायचं, नाही दिला तर घरी यायचं. इतकं सोपं होतं ते, आमच्या मते.

तपासणी ठेवली होती एका मंगल कार्यालयात. लग्नाचे दिवस नव्हते, जागा मोकळी होती. आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही की चाचीनं अर्ध्या चिखलीचे चुडे त्याच हॉलमध्ये भरलेले आहेत. दारातून आत शिरली आणि बाईचा चेहराच पालटला. ओळीनं मांडलेल्या खुर्च्या, त्यावर बसलेल्या बायका, पुढं टेबलं. तिनं पदर खोचला, थेट जाऊन नर्सच्या समोर बसली आणि तिचाच हात हातात घेतला. बोटांचे सांधे दाबून माप सांगितलं, "दोन-चार. हिरवा देऊ का लाल?" ती पोरगी गोंधळली. आम्ही हसलो. कितीतरी दिवसांनी चाचाही हसले.

मग नर्सनं चाचीचा हात मागितला. आम्ही बघत होतो. चाचीनं तिच्याकडं एकदा बघितलं आणि हात पुढं ठेवला. अंगठा आत घेतलेला, पंजा एकदम सैल. गुलनाजच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाह्यलं, अब्बा? दिला." चाचांनी मान डोलावली. सुई टोचली तेव्हा चाची हललीसुद्धा नाही. चुडा भरताना हलायचं नाही हे तिनंच हजारो पोरींना सांगितलेलं होतं.

नर्सनं कापूस लावला आणि "झालं, आजी" म्हणाली. चाचीनं हात उचलला नाही. मनगटाकडं बघितलं. कोपरापाशी कापूस, मनगट तसंच. तिनं हात थोडा आणखी पुढं सरकवला. नर्स पुढच्या बाईला बोलवत होती. चाचीनं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि लहान पोरीसारखं ओठ काढून म्हणाली, "माह्या बांगड्या?"

मला तेव्हा लक्षात आलं आणि मी तोंडावर पदर धरला. आम्ही ज्याला होकार समजलो तो बांगड्यांसाठी पुढं केलेला हात होता. चाचांना माझ्याआधी कळलं होतं. ते उठले आणि एक शब्द न बोलता बाहेर पडले. त्या वयाचा माणूस भर उन्हात बाजारापर्यंत गेला आणि परत आला. तोवर चाची हात पुढं धरून बसलेली. गुलनाजनं तो खाली घ्यायला बघितला तर घेऊ देईना. डॉक्टरीणबाईंनी रांग थांबवली. चाचा धापा टाकत मोरपंखी डबा घेऊन आले, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तळवा उताणा केला. "सरवरी, हात देतेस?" टेबलावरचा हात त्या तळव्यावर आला. त्यांनी दोन्ही मनगटं भरली. मग कुठं ती उठली.

चाचांनी डॉक्टरीणबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्या खाली बघत म्हणाल्या, "म्हणजे तो होकार नव्हता. तुम्ही म्हणाल तर हे रक्त मी टाकून देते."

"मले विचार करू द्या," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाही बोलावून घेतलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "मॅडम, सरवरीची मर्जी काय होती, थे मले नाही समजत. समजते असं म्हटलं तर खोटं बोलतो. पन तिची रीत मले समजते. हात दिला तर थो रिकामा नाही जाणार. रक्त राहू द्या. याच्यानंतर तुमी आले की आधी मी बांगड्या भरीन, मंग तुमी तुमचं काम करा. अन् तिनं हात नाही दिला तर नाही."

हे बरोबर होतं का? मला आजही ठामपणे सांगता येत नाही. मी त्यांना म्हटलंही, "चाचा, ती बांगड्यांसाठी हात देईल आणि तुम्ही रक्त घ्याल. हा सौदा तिला कुठं माहीत आहे?" ते म्हणाले, "नाही माहीत. पन गुलनाजचं तोंड पाह्यलं तू? तीबी सरवरीचीच पोरगी आहे. सरवरीनं पोरीसाठी काय केलं नसतं?"

पुढची दोन वर्षं तसंच चाललं. डॉक्टरांचं पथक यायचं, चाचा डबा घेऊन जायचे, आधी बांगड्या, मग सुई. नर्ससुद्धा सरावली. तीही तळवा उताणा करून "हात देता, आजी?" म्हणायला शिकली. चाची दरम्यान खूप खालावली. आधी शब्द गेले, मग चालणं गेलं. चाचा तिला भरवायचे, न्हाऊ घालायचे, आणि प्रत्येक गोष्टीआधी विचारायचे. पाणी देऊ? कूस बदलू? उत्तर येत नसे तरी विचारून थोडं थांबायचे. दुकान जेमतेम दुपारपुरतं उघडायचे. बाजारातले लोक म्हणायचे, रहेमतभाईलाही लागण झाली, भिंतीशी बोलतात. त्यांना म्हणायला काय जातं?

गेल्या वर्षी पथक घरीच आलं, कारण चाची आता खाटेवर होती. गुलनाज साखरखेर्ड्याहून आलेली. मी होतेच. चाचांनी डबा उघडला, खाटेशी बसले, तळवा उताणा केला.

"सरवरी, हात देतेस?"

चाचीचा हात छातीशी होता. मूठ मिटलेली. ती चाचांकडं बघत होती की त्यांच्यामागच्या भिंतीकडं, सांगता यायचं नाही. चाचांनी थोडं थांबून पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. मूठ आणखी आत गेली.

गुलनाज पुढं झाली. "आजारानं हात आखडला, अब्बा. नाही म्हणून नाही राह्यली ती. मॅडम, तुमी सांगा त्याईले."

डॉक्टरीणबाईंनी चाचीचं मनगट हळूच तपासलं. "आजारात अशी मूठ वळते, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण हा नकार नाहीच, असंही मी सांगू शकत नाही. मला खरंच कळत नाही."

"मंग घ्या ना!" गुलनाज रडायला लागली. "इतकी वर्षं घेतलं. आता सोडलं तर सगळं अर्धंच राहीन. अब्बा, तुमची सही आहे. तुमी हो म्हणा. माह्यासाठी हो म्हणा."

चाचा मनियार होते. मूठ कितीही घट्ट असली तरी करंगळीच्या मुळाशी कुठं दाबलं की पंजा सुटतो, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. मी त्यांच्या बोटांकडं बघत होते. ती बोटं हलली नाहीत. त्यांनी मोरपंखी डबा बंद केला.

"नाही," ते म्हणाले. "मले जवा समजत होतं का ती देऊन राह्यली, तवा मी हो म्हटलं. आता ती देऊन नाही राह्यली. आजारानं म्हना का मनानं म्हना. हात तिचा आहे."

"अन् माह्यं काय, अब्बा?"

चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुले तर बोलता येते, बेटा."

डॉक्टरीणबाईंनी हलक्या आवाजात सांगितलं, की या अभ्यासात पेशंटच्या मुलांसाठीही जागा आहे, त्यांची इच्छा असेल तर. गुलनाजनं ऐकलं. नकळत तिनं ओढणी मनगटावर ओढून घेतली. "पुढच्या वेळी पाहू," म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मला तिचा राग आला नाही. आत चाललेलं तिचं रडणं बाहेर ऐकू येत होतं, आणि मीही तिच्या जागी असते तर ओढणीच ओढली असती.

पथक गेलं. भगवंतराव म्हणाले, मी आधीच सांगितलं होतं. मी त्यांना काय म्हणाले ते इथं लिहिता येणार नाही.

पण आमचे खरे हाल त्याच्यानंतर झाले. चाचीच्या हातातल्या जुन्या बांगड्या खाटेच्या लोखंडी पट्टीवर आपटून एकेक वाढत गेल्या. चाचा रोज सकाळी डबा घेऊन खाटेशी बसायचे. "सरवरी, हात देतेस?" मूठ मिटलेली. ते बसून राहायचे, पूर्वी दुकानात बसायचे तसे. मग डबा कोनाड्यात ठेवायचे आणि तिच्यासाठी पेज आणायला जायचे. महिन्याभरात मनगटं मोकळी झाली. मोहल्ल्यातल्या बायका कुजबुजायला लागल्या, नवरा जिवंत असून बाईचे हात असे उघडे, तेही मनियाराच्या घरात. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "चाचा, रक्ताचं समजू शकते मी. पण बांगड्या तर तिच्या आवडीच्या आहेत. तुमच्या हातच्या आहेत. दाबा ना जरा, सुटेल मूठ."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते डोळे मला अजून दिसतात. "डॉक्टरले नाही म्हटलं मी, रेणुका. मंग मले काऊन हो म्हनू?"

चाची या हिवाळ्यात गेली. पहाटे निरोप आला, मी केस न बांधताच धावले. बाहेरच्या खोलीत चाचा भिंतीला टेकून बसले होते. आत बायका चाचीला शेवटचं न्हाऊ घालत होत्या. थोड्या वेळानं गुलनाज दारात आली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"अब्बा," ती म्हणाली, "अम्मीचा हात सुटला. एकदम सैल आहे, पयल्यासारखा." मग तिनं कोनाड्यातल्या डब्याकडं बोट केलं. "मी घालू काय? एकच. घडीभर. कफनाआधी काढून घेतो. तिले मोकळ्या हातानं पाहवत नाही."

आतल्या बायका थांबल्या. मी मनात म्हणत होते, हो म्हणा चाचा, आता तरी हो म्हणा. त्यांनी डब्याकडं बघितलं. त्यांचा तळवा मांडीवर उताणा पडलेला होता, ते त्यांना ठाऊक नसावं.

"सुटला, बेटा," ते म्हणाले. "तिनं दिला नाही."

मग ते उठले, खांद्यावरचा रुमाल सारखा केला आणि बाहेर जमलेल्या माणसांत जाऊन उभे राहिले.